बावीस मिनिटांचा संधिप्रकाश

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या दिवाणखान्यात पुढील गोष्टी होत्या : काचेची टाकी एक, लांबी तीन फूट. त्यात एंजलफिश दोन, एक नर आणि एक मादी. रुंद पानांचं रोप एक, पानं अकरा. त्यांपैकी डावीकडून चौथ्या पानावर अंडी दोनशे पंच्याऐंशी. हा आकडा अंदाजाचा नाही. आदल्या संध्याकाळी काढलेला फोटो मोठा करून, त्यावर चौकटी आखून मी दोनदा मोजणी केली होती. एकदा दोनशे चौऱ्याऐंशी भरली, एकदा दोनशे शहाऐंशी. टाकीसमोर लाकडी स्टूल एक, स्टुलावर बाबा. टाकीवर ट्यूबलाइट एक, बंद.

सहा एक्केचाळीसला आईने ट्यूब लावली.

सहा पंचावन्नला अंडी शून्य.

यात आईची चूक नाही, हे आधीच नोंदवून ठेवते, कारण ती हे वाचणार आहे. चहाचं आधण ठेवलं की दिवाणखान्यातले सगळे दिवे लावायचे, हा आमच्या घरातला नियम माशांच्या आधीपासूनचा. चूक म्हटली तर माशांचीही नाही. एंजलफिश हा तसा जबाबदार प्राणी. अंडी घातल्यावर नवरा-बायको दोघंही पानासमोर उभं राहून आपल्या परांनी त्यांना पाण्याचा वारा घालत राहतात. पण अंधारातून एकदम लख्ख उजेड झाला की त्यांना संकट आल्यासारखं वाटतं, आणि पोरं दुसऱ्याच्या पोटात जाण्यापेक्षा आपल्याच पोटात बरी, असा विचार ते करतात. विचार करतात की नाही हे सिद्ध झालेलं नाही. खातात, एवढं सिद्ध झालेलं आहे. आमच्याकडे तीनदा.

बाबा रिकाम्या पानाकडे बघत राहिले. ते मुळातच कमी बोलतात. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी वाचायची नोकरी केल्यावर माणसाला पाण्याकडे बघत गप्प बसायची सवय लागते. रोज सकाळी आठला पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, आणि मग पाणी तसंच समोर पसरलेलं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी ही टाकी भेट दिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, छोटं का होईना, पाणी परत मिळाल्याचं समाधान होतं. त्यात एकदा पिल्लं पोहताना बघायची, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही. पण कपाटात पिल्लांच्या खाऊची डबी सात महिन्यांपासून न उघडलेली होती, आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात तारीख होती.

सात वाजता बाबांनी स्टूल उचललं आणि गॅलरीकडे तोंड करून ठेवलं.

"नारायण पेठेतल्या डॉक्टरांना टाकी हवीय," ते म्हणाले. "दाताच्या. मी त्यांना हो म्हणून टाकतो. या महिन्याच्या चौथ्या रविवारी टेम्पो घेऊन या म्हणतो."

"अहो, पण का?" आईने विचारलं.

"त्यांच्याकडे पेशंट घाबरलेले असतात. मासे बघून शांत होतील."

ते पेशंट बघून माशांचं काय होईल, हे कोणी विचारलं नाही. मी मनात हिशोब केला. ही जोडी साधारण अकरा-बारा दिवसांनी पुन्हा अंडी घालते. अंडी फुटायला अडीच दिवस, पिल्लं पोहायला लागायला आणखी पाच. चौथ्या रविवारपर्यंत बरोबर एक संधी होती.

"बाबा, मी असा दिवा बनवते," मी म्हणाले, "की जो हळूहळू उगवेल आणि हळूहळू मावळेल."

बाबांनी मान वळवली नाही. आई म्हणाली, "त्यापेक्षा वर एक कापड टाक."

"आई, कापडाने उजेड कमी असतो. कमी होत जात नाही. मला एक सलग उतरती रेघ हवी."

"मग काढ रेघ."

मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे आणि सध्या एका प्रयोगशाळेत थर्मामीटर खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं काम करते. त्यामुळे एलईडीची पट्टी, एक छोटा कंट्रोलर आणि थोडं सोल्डरिंग, हे मला शनिवार-रविवारचं काम वाटलं. सूर्य उगवायला दोन दिवस पुरेसे आहेत, अशी माझी समजूत होती.

पहिला अडथळा सोसायटीचा. शनिवार पेठेतल्या आमच्या तीन मजली इमारतीचे सचिव रंगनाथकाका आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेत, म्हणजे खात्यातून झालेत, हवामानातून नाही. गच्चीवर त्यांचा पर्जन्यमापक आहे. त्यांच्याशी बोलताना एक अडचण अशी की ते दोन माणसं आहेत. सचिव म्हणून ते मला 'अर्जदार' म्हणतात आणि अहोजाहो करतात. शेजारी म्हणून 'अगं निकिता' म्हणतात. कोणता माणूस कधी बोलेल ते त्यांनाही आधी माहीत नसतं.

"घरात नवीन विद्युत उपकरण बनवायचं असेल तर अर्ज लागेल," सचिव म्हणाले. "तीन प्रती. आणि अर्जदार, वापराच्या रकान्यात तुम्ही 'मासे' लिहिलंय. तिथे घरगुती, व्यावसायिक किंवा इतर, यांपैकीच लिहायचं असतं."

"इतर."

"इतर लिहिलं तर सर्वसाधारण सभेपुढे जातं."

"मग घरगुती."

"मासे घरात राहतात. चालेल." त्यांनी तीन सह्या केल्या, तीन शिक्के मारले, चष्मा काढला आणि शेजारी झाले. "अगं निकिता, पण तुझी संध्याकाळ किती मिनिटांची?"

"एक तास ठेवणार होते. निवांत."

काका दुखावले गेले. "एक तास? पुण्यात? अगं, पुण्यातला संधिप्रकाश बावीस मिनिटांचा. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत बावीस मिनिटं, संपला विषय. तिकडे उत्तरेला सूर्य पाहुण्यासारखा दारात उभा राहून गप्पा मारत बसतो. आपला सूर्य निघतो म्हणाला की निघतो." आणि त्यांनी कपाटातून एक तक्ता काढून दिला. वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा सूर्योदय, सूर्यास्त आणि दोन्हींचा संधिप्रकाश, मिनिटांसकट, त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेला. "हा वापर. उगाच माशांना चुकीची सवय नको."

हा तक्ता मी घेतला. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

सुटे भाग घ्यायला तपकीर गल्लीत गेले. दुकानदार पेपर वाचत होते.

"उजेड कमी-जास्त करता येणारी एलईडी पट्टी हवी होती."

"कशाला?"

"माशांसाठी."

"माशांनी मागितलीय?"

"नाही, पण त्यांना एकदम उजेड सहन होत नाही."

"मलाही होत नाही," ते म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं. "मी डोळे मिटतो."

माशांना पापण्या नसतात हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी दिली, आणि मी पायरी उतरताना आतल्या कोणाला तरी म्हणाले, "बघ, शिकलेली पोरगी आहे."

पहिल्या प्रयत्नात मी काकांच्या सल्ल्यावरून माळ्यावरचा पंख्याचा जुना रेग्युलेटर लावला. एक ते चार आकड्यांपर्यंत अंधार, पाचावर भर दुपार. मधलं काहीच नाही. दुसऱ्या प्रयत्नात कंट्रोलर आला. तो दिवा एका सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतो, आणि चालू किती वेळ, बंद किती वेळ, यावरून उजेड ठरतो. डोळ्याला ते कळत नाही, असं पुस्तकात लिहिलंय. आईच्या डोळ्याला कळलं. "डोकं धरलं माझं," ती म्हणाली. मी चालू-बंद व्हायचा वेग सेकंदाला वीस हजारांवर नेला. डोकं उतरलं.

तिसरी अडचण मिक्सरची. टाकीजवळचं सॉकेट चटणी वाटायला सोयीचं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी आईने प्लग काढला आणि दिवसाढवळ्या टाकीत खग्रास ग्रहण लागलं. "पाच मिनिटं तर काढला!" आई म्हणाली. शिवाय माझ्या कंट्रोलरला घड्याळाची बॅटरी नव्हती. वीज गेली की तो वेळ विसरायचा आणि परत आली की सरळ शंभर टक्क्यांवर सुरू व्हायचा. ही चूक मला माहीत होती आणि सवडीने मी ती दुरुस्त करणार होते. तोवर उपाय म्हणून मी साबणाच्या डबीचं मोठं झाकण प्लग आणि बटण दोन्हींवर पालथं घातलं, चार स्क्रूंनी भिंतीला पक्कं केलं आणि वर लिहिलं : 'हात लावू नये.' आईने त्याखाली पेन्सिलीने लिहिलं : 'बरं.'

सोमवारी संध्याकाळी सहा सेहेचाळीसला माझा सूर्य पहिल्यांदा तक्त्याप्रमाणे मावळला.

हे नीट सांगायला हवं, कारण मीही त्यासाठी तयार नव्हते. आधी काहीच झालं नाही. मग लक्षात आलं की वाळूवर पडलेल्या पानांच्या सावल्यांच्या कडा मऊ झाल्यात. पाणी आधी मधासारखं दिसलं, मग काढ्यासारखं. मासे पोहायचे थांबले नाहीत, पण त्यांचं पोहणं लांबलं, जणू दोघं एखादं मोठं वाक्य सावकाश बोलत होते. मागची काच दिसेनाशी झाली आणि टाकी जिथे संपते तिथून पुढेही पाणी आहे असं वाटू लागलं, भिंतीतून, पलीकडच्या खोलीतून, थेट नदीपर्यंत. घरात कोणी दिवा लावायला उठलं नाही. सात वाजून आठ मिनिटांनी फक्त कोपऱ्यातला झीरोचा बल्ब उरला आणि त्यात दोन चपट्या चांदण्या तरंगत होत्या. मी मागे पाहिलं. बाबांचं स्टूल अजून गॅलरीकडेच होतं, पण बाबा स्टुलावर उलटे बसले होते.

गुरुवारी जिन्यात रंगनाथकाका भेटले. त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधीही न पाहिलेलं तेज होतं.

"निकिता, तू फिजिक्सची. तुला सांगतो, पण बाहेर बोलू नकोस." त्यांनी वही उघडली. "माझ्या रेडिओवर मंगळवार पहाटेपासून एक आवाज येतोय. घूंऽऽ असा. आधी मला वाटलं केंद्राचीच गडबड आहे, मी तक्रारीचं पत्रही लिहिलं. पण मग वेळा मांडल्या. सकाळी सूर्योदयाआधी बावीस मिनिटं सुरू होतो, सूर्योदयाला थांबतो. संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू, बावीस मिनिटांनी बंद. रोज! आणि सूर्योदय मिनिटभर सरकला की आवाजही मिनिटभर सरकतो!"

वहीतल्या वेळा मला पाठ होत्या.

"वातावरणाच्या वरच्या थरात संधिकाळी बदल होतात हे जुनंच आहे," काका म्हणाले, "पण इतक्या स्पष्ट कडा आजवर कोणी नोंदवलेल्या नाहीत. बावीस तारखेला आमच्या निवृत्तांच्या चहाला मी हे वाचणार आहे. दिगंबर असेल तिथे. त्या माणसाने एकतीस वर्षांत माझं एक निरीक्षण मान्य केलेलं नाही. पावसाची नोंद दिली तरी खिडकीतून हात बाहेर काढून बघायचा."

त्यांची बायको, श्यामलाकाकू, दारातून म्हणाल्या, "आज त्यांनी दोन वेळा हसून चहा मागितला. निकिता, हे गंभीर आहे ना गं?"

मी घरी येऊन दार लावून घेतलं. कारण समजायला मला चार सेकंद लागले. सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद होणारी तीन फुटी पट्टी म्हणजे एक छोटं, अत्यंत वाईट रेडिओ केंद्रच. पूर्ण चालू असताना ती गप्प, पूर्ण बंद असताना गप्प. बोलायची ती फक्त मधल्या बावीस मिनिटांत. काकांनी निसर्गाचा नियम शोधला नव्हता. काकांनी काकांचाच तक्ता शोधला होता, माझ्या माशांमार्फत.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी शुक्रवारी सांगायचं ठरवलं. शुक्रवारी पायऱ्या उतरले, तर काका आलेख काढत होते, लाल शाईने. मी म्हणाले, "काका, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतेच असं नाही." ते म्हणाले, "अगदी बरोबर! म्हणूनच मी आणखी दहा दिवस घेणार." मी परत वर आले. आणि शनिवारी संध्याकाळी डावीकडून सातव्या पानावर अंडी आली.

आता सांगितलं असतं तर सचिवांना दिवा बंद करायची नोटीस द्यावीच लागली असती. तशी तरतूद अर्जातच होती, कलम चार, आणि खाली माझी सही. नाही सांगितलं तर एका सज्जन माणसाचं बावीस तारखेला दिगंबररावांसमोर हसं. ज्या मुलीचं कामच खोटे थर्मामीटर पकडायचं, ती स्वतः दोन मजल्यांच्या मधोमध एक खोटं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा तो वरचा थर, चालवत होती. मी काही जेवले नाही. म्हणजे, जेवले, पण चटणी घेतली नाही.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला जिन्यातून आवाज ऐकू येऊ लागला. रंगनाथकाका बॅटरीवरचा रेडिओ घेऊन मजल्या-मजल्यावर थांबत वर येत होते.

"उंचीनुसार फरक तपासतोय," ते दारात म्हणाले. "कालच्या नोंदी अशा : तळमजल्यावर क्षीण, दुसऱ्यावर मध्यम, गच्चीवर पुन्हा मध्यम. म्हणजे सर्वांत जास्त तुमच्या मजल्यावर असणार! वहिनी, बावीस मिनिटं बसू का?"

"बसा ना भाऊजी," आई म्हणाली. ती दिवाणावर पांढऱ्या साडीला इस्त्री करून घडी घालत होती. रविवारी विहारात वंदनेला तीच नेसायची होती. बाबा स्टुलावर होते, टाकीकडे तोंड करून. सातव्या पानासमोर नर-मादी आळीपाळीने वारा घालत होते. अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटणार होती.

सहा सेहेचाळीसला दिवा उतरू लागला आणि रेडिओ ओरडला. 'घूं' वगैरे नाही, चांगला कारखान्याच्या भोंग्यासारखा. काका आनंदाने उभे राहिले. रेडिओ दाराकडे नेला, आवाज कमी झाला. टाकीकडे आणला, वाढला. पुन्हा दाराकडे, पुन्हा टाकीकडे. तिसऱ्या खेपेला त्यांचं पाऊल मंदावलं. ते टाकीसमोर थांबले. मधाच्या रंगाचं पाणी त्यांच्या चष्म्यात हलत होतं.

"काका," मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

तेवढ्यात वीज गेली.

सगळी पेठ एकदम शांत झाली. पंखा, फ्रिज, समोरच्या घरातला टीव्ही, सगळं बंद. आणि त्या शांततेत काकांच्या हातातल्या रेडिओतून निवेदिकेचा आवाज, धुतल्यासारखा स्वच्छ, खरखरीचा एक कणही नसलेला, मराठवाड्यातल्या तुरळक पावसाची शक्यता सांगू लागला.

काकांनी रेडिओकडे पाहिलं. मग दिव्याकडे. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. सहा सत्तावन्न. सूर्य अजून तीनच अंश खाली होता. सूर्याला वीजमंडळाची गरज नसते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"मंगळवारपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोमवारी संध्याकाळपासून. तुम्ही मंगळवारी पहाटे ऐकलंत."

त्यांनी रेडिओ दिवाणावर ठेवला. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. त्याऐवजी बाबा बोलले, आणि बाबा बोलले म्हणजे काहीतरी मोठं असतं.

"निकिता. वीज परत आली की?"

वीज परत आली की दिवा शंभर टक्क्यांवर. अंधारातून थेट भर दुपार. सातवं पान.

"थांबा, तीन मार्ग आहेत," मी म्हणाले. "एक, प्लग काढणं. त्यावर झाकण आहे, चार स्क्रू—"

"मग काढ!" आई म्हणाली.

"स्क्रूड्रायव्हर काकांचा होता, तो मी आज सकाळी परत केला. दोन, घरातला मेन स्विच. तो दारावर, माळ्यावरच्या गाद्यांच्या मागे. तीन, वायर कापणं, पण कात्री—"

तिसरा मार्ग पूर्ण व्हायच्या आत आई उठली. तिने दिवाणावरची पांढरी साडी उचलली, एका झटक्यात अर्धी उलगडली आणि दिव्याच्या पट्टीखाली, टाकीच्या झाकणकाचेवर, चौपदरी अंथरली. दोन टोकं टाकीच्या दोन्ही अंगांना खाली सोडली.

"हां," ती म्हणाली. "आता सांग तिसरा."

वीज आली.

वर शंभर टक्के उजेड होता, पण पाण्यात पोचला तो एखाद्या तंबूत पहाट झाल्यासारखा. पांढरा, पसरलेला, कुठूनच न येणारा. सावल्याच नव्हत्या. नराने तरीही शेपूट ताठ केली. तो पानाकडे वळला. तोंड उघडलं. एक अंडं तोंडात घेतलं. बाबांचा हात काचेवर टेकला, मग त्यांनी तो आपणच मागे घेतला. नर तसाच उभा राहिला, गालात अंडं धरून, चौघांकडे बघत. मग त्याने ते अंडं पानावर, थोडं डावीकडे, परत ठेवलं.

"आता एकदम बंद करू नका," काका म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता, सचिवाचा की शेजाऱ्याचा ते कळलं नाही. "सात शून्य तीन. सात आठला संपायला हवं. वहिनी, दर मिनिटाला एक घडी वाढवा. मी सांगतो तेव्हा." मग बाबांकडे वळून, "भीमराव, ते टोक धरा."

आणि मग आमच्या घरात हाताने संध्याकाळ झाली. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा, मध्ये पाच वार पांढरं सूत. काका घड्याळ बघून म्हणायचे, "आता," आणि दोघं सावकाश, साडी काचेवरून न घासता, आणखी एक पदर घालायचे. तंबूतली पहाट धुकं झाली. धुक्याचं दूध झालं, दुधाचा धूर. मी नंतर मोजलं : एका पदरातून चोपन्न टक्के प्रकाश पार होतो, आठ पदरांतून एक टक्क्याहून कमी. माझ्या कंट्रोलरलाही इतका गुळगुळीत उतार जमला नव्हता. आई-बाबांना इतक्या जवळ, इतकं न बोलता, एकच काम करताना मी किती वर्षांनी पाहत होते, याची मात्र माझ्याकडे नोंद नाही. रेडिओ पुन्हा ओरडला नाही. शंभर टक्क्यांवर दिवा गप्पच असतो.

सात आठला काका म्हणाले, "संपला." ते खाली जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि चारही स्क्रू त्यांनीच काढले. 'हात लावू नये' आणि 'बरं', दोन्ही वाचून.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. "काका, सॉरी. मला गुरुवारीच कळलं होतं."

"म्हणजे माझी सगळी निरीक्षणं तुझ्या टाकीची होती."

"हो."

"वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत जुळत होत्या." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "हे तुझं कौतुक नाही. तक्ता माझा होता." दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "आणि ती बॅटरी आजच्या आज बसव."

बॅटरी मी त्याच संध्याकाळी बसवली. मंगळवारी सकाळी जिन्यातल्या फळ्यावर सूचना होती : 'सर्व रेडिओधारक सभासदांना कळवण्यात येते की, तिसऱ्या मजल्यावरील घरगुती दिव्यामुळे रविवारपर्यंत येणारा आवाज सोसायटीने मान्य केलेला आहे. — सचिव.' आमच्या इमारतीत रेडिओधारक सभासद एक. रोज संध्याकाळी तो सभासद, हातात रेडिओ न घेता, आमच्या दिवाणावर येऊन बसायचा आणि सूर्यास्त तपासायचा. बुधवारी तो एकदाच बोलला : "चहाला मी दिगंबरला सांगणार आहे. सगळं. खिडकीतून हात बाहेर काढून बघ म्हणावं." नंतर तो इतका वेळ हसला की श्यामलाकाकू खालून वर आल्या.

रविवारी सकाळी आईने पांढरी साडी नेसली. पदराच्या टोकाला शेवाळाचा एक फिकट हिरवा डाग राहिला होता. तिने तो आत वळवला नाही.

सहा पंचवीसला दाताच्या डॉक्टरांचा फोन आला, की टेम्पो किती वाजता आणू. बाबा टाकीसमोरून न उठता म्हणाले, "टेम्पो नको. दीड महिन्याने एक डबा घेऊन या." आणि कपाटातली ती डबी मागितली.

सहा चौतीसला दिवा पूर्ण उगवला. सहा चाळीसला मी आणि बाबांनी, एकमेकांना न सांगता, पोहणारी पिल्लं मोजली. माझी मोजणी एकशे सतरा. बाबांची एकशे एकोणीस. रंगनाथकाकांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, खाली रेघ मारली आणि सरासरी काढली : एकशे अठरा.